पिंग येतोय पण पेज उघडत नाही: डब्ल्यू५५०० लावलेला नॅनो दर काही दिवसांनी का अडकतो

प्रॉब्लेम बहुतेक वेळा याच शब्दांत येतो. आर्डुइनोच्या नॅनो नाहीतर उनो बोर्डाला डब्ल्यू५५०० चिपचं इथरनेट मॉड्यूल (वायरने नेटवर्कला जोडणारं) जोडलं, लायब्ररीच्या उदाहरणातलं वेब सर्व्हरचं स्केच, म्हणजे प्रोग्राम, टाकलं, टेबलावर मस्त चाललं, मग ते नेऊन शेतावर मोटारीच्या खोलीत किंवा सोसायटीच्या गच्चीवर टाकीपाशी बसवलं आणि थोड्याच दिवसांत पेज उघडेनासं झालं. लॅपटॉपवरून पिंग मारला, म्हणजे 'आहेस का' असं विचारणारं छोटं पॅकेट पाठवलं, तर उत्तर येतंय, जॅकवरचे दिवे लागलेत, म्हणजे बोर्ड तर चालू आहे ना, मग पेज का येत नाही? रिसेट दाबला की लगेच सुरू, आणि काही दिवसांनी परत तेच.

अशा वेळी बहुतेक जण आधी कोड बदलतात, मग लायब्ररी बदलतात, मग मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, नवीन मॉड्यूल आणतात, आणि शेवटी वायफायवर जातात, जिथे मुळात सिग्नल पोचत नव्हता म्हणूनच वायर ओढली होती. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी अडकलंय कोण ते ठरवा. केबल, मॉड्यूलवरची चिप की कंट्रोलर, म्हणजे नॅनोवरचा तुमचा कोड चालवणारा प्रोसेसर? हे कळेपर्यंत काहीच बदलू नका, आणि रिसेट तर दाबूच नका, कारण रिसेट दाबला की जे बघायचं होतं ते सगळं पुसलं गेलं.

पिंगवर का जायचं नाही

डब्ल्यू५५०० मध्ये टीसीपी, यूडीपी, एआरपी, आयसीएमपी हे नेटवर्कवर बोलायचे सगळे नियम चिपच्या आतच हार्डवेअरमध्ये आहेत. पिंगचं पॅकेट आलं की उत्तर चिप स्वतः देते, तुमच्या नॅनोला त्याचा पत्ताही नसतो. म्हणूनच चिपच्या मोड रजिस्टरमध्ये (रजिस्टर म्हणजे चिपमधली सेटिंग ठेवायची जागा) पिंग ब्लॉक करायचा वेगळा बिट ठेवलेला आहे. खात्री करायची असेल तर स्थिर आयपी देऊन इथरनेट सुरू करा आणि सेटअपमध्ये पुढच्याच ओळीला अनंत लूप टाका, बोर्ड काहीही करत नसतो तरी पिंग चालूच राहतो. त्याहून पुढचं म्हणजे मॉड्यूलची रिसेट पिन नॅनोच्या रिसेटला जोडलेली नसेल तर नॅनोचं रिसेट बटण दाबून धरा, तरीही उत्तरं येत राहतात.

म्हणजे या चिपवर पिंगचं उत्तर आलं याचा अर्थ केबल ठीक, लिंक ठीक, चिपला पॉवर आहे आणि तिच्या रजिस्टरमध्ये आयपी अजून शाबूत आहे. कंट्रोलर जिवंत आहे का, हे त्यातून अजिबात कळत नाही. ईएनसी२८जे६० ही दुसरी इथरनेट चिप वापरणाऱ्यांचं मात्र उलट आहे. त्या चिपमध्ये आयपीचं काहीच नाही, सगळं लायब्ररी करते, त्यामुळे तिथे पिंगला उत्तर आलं तर लूप नक्की फिरतोय. दोन्ही मॉड्यूलं दिसायला सारखीच, जॅकही तोच, म्हणून एकाचा अनुभव दुसऱ्याला लावला जातो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

मग कंट्रोलर जिवंत आहे हे बघायचं कसं? एक एलईडी लूपमध्ये अर्ध्या अर्ध्या सेकंदाला मिचकावत ठेवा, डिले न वापरता मिलिसवर, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या फंक्शनवर. पण बोर्डावरचा एलईडी वापरू नका, उनो आणि नॅनोवर तो १३ नंबरच्या पिनवर असतो आणि तीच पिन एसपीआयचं, म्हणजे नॅनो आणि मॉड्यूल ज्या तारांवरून बोलतात त्यांचं, क्लॉक आहे, त्यामुळे मॉड्यूलशी बोलणं चालू असताना तो कसाही लुकलुकतो आणि त्यातून काही अर्थ निघत नाही. ए० किंवा ७ वर वेगळा एलईडी लावा. शिवाय पेजच्या तळाशी अपटाइम छापा, बोर्ड सुरू होऊन किती सेकंद झाले ते. या दोन गोष्टी असल्या की अर्ध निदान झालं. पेज बंद पडलं असताना एलईडी मिचकतोय म्हणजे लूप चालू आहे आणि सॉकेट, म्हणजे चिपमधल्या एकेका कनेक्शनच्या जागा, संपलीत, एलईडी थिजलाय म्हणजे कोड कुठेतरी वाट बघत अडकलाय, आणि पेज उघडतंय पण अपटाइम दर वेळी दहा-वीस मिनिटांचाच दिसतोय म्हणजे बोर्ड गुपचूप रिसेट होतोय आणि तो प्रश्न पॉवरचा आहे.

सॉकेट संपतात, आणि ती कशी संपतात

हे कारण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळा सापडतं आणि सगळ्यात कमी वेळा तपासलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डब्ल्यू५५०० मध्ये ८ सॉकेट आहेत आणि ३२ केबीची बफर मेमरी, पण आर्डुइनोची इथरनेट लायब्ररी उनो-नॅनोसारख्या २ केबी रॅमच्या बोर्डावर त्यातली ४ च वापरते. म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त चार कनेक्शन, आणि त्यातच नवीन माणसासाठी कान देऊन बसलेलं सॉकेट, डीएचसीपी (राउटरकडून आयपी पत्ता मागून घेणं) किंवा घड्याळाच्या वेळेसाठी यूडीपी वापरत असाल तर त्याचंही एक.

आता लाइट जाते तेव्हा काय होतं बघा. मोबाइलवर किंवा पीसीवर पेज उघडं होतं, कनेक्शन जोडलेलं होतं, आणि घरातला राउटर आणि पीसी बंद पडले. मोटारीच्या खोलीतला बोर्ड मात्र बॅटरीवर चालू आहे. समोरच्याने कनेक्शन रीतसर बंद केलंच नाही, तो निरोपाचं पॅकेट न पाठवता गेला. चिपच्या दृष्टीने ते सॉकेट अजून जोडलेलं आहे. तिच्याकडे पाठवायला काही नाही म्हणून पुन्हा पाठवा, टाइमआउट होऊ द्या असं काही घडतच नाही, आणि ते सॉकेट त्याच अवस्थेत कितीही दिवस पडून राहतं. लाइट परत गेली, आणखी एक गेलं. चारही गेली की पेज बंद, आणि पिंग मात्र चालू, कारण पिंगला सॉकेट लागतच नाही. लोक म्हणतात दर काही दिवसांनी अडकतं, त्या 'काही दिवसांचा' हिशोब बऱ्याचदा लाइट किती वेळा गेली यावर असतो.

ब्राउझरही यात हातभार लावतात. आजकालचे ब्राउझर पुढे लागेल म्हणून एखादं जास्तीचं कनेक्शन आधीच उघडून ठेवतात आणि त्यावर एक अक्षरही पाठवत नाहीत. लायब्ररीतलं सर्व्हर.अव्हेलेबल हे फंक्शन क्लायंटकडून डेटा आल्याशिवाय तो क्लायंट तुमच्या हातात देतच नाही, त्यामुळे असं मुकं कनेक्शन स्केचला दिसत नाही, पण सॉकेट मात्र अडवून बसतं. ब्राउझरने ते नीट बंद केलं तर लायब्ररी मोकळं करते. तो मोबाइल रेंजबाहेर गेला, तर नाही.

आणि तिसरी गोष्ट, उदाहरणातल्या स्केचमधला तो लूप: क्लायंट जोडलेला आहे तोवर फिरत राहा, अक्षर आलं तर वाच, रिकामी ओळ आली की उत्तर पाठव. वाचायला निर्दोष वाटतो. पण अर्धी विनंती आली आणि समोरचा गायब झाला तर रिकामी ओळ कधीच येत नाही, जोडलेला आहे का विचारलं तर चिप हो म्हणते, आणि नॅनो त्या लूपमध्ये कायमचा बसतो. एलईडी थिजलेला दिसला तर आधी इथेच बघा.

उपाय साधाच आहे. त्या आतल्या लूपला वेळेची मर्यादा घाला: आत शिरताना मिलिस टिपून ठेवा, प्रत्येक अक्षर आलं की पुन्हा टिपा, आणि दोन सेकंद काहीच आलं नाही तर क्लायंट.स्टॉप करून बाहेर पडा. स्टॉप हे प्रत्येक वाटेवर हवं, उत्तर गेल्यावर, चूक झाल्यावर, वेळ संपल्यावर, तिन्हीकडे. मध्येच रिटर्न टाकून निघून जाणारा एखादा इफ राहिला असेल तर तो शोधून काढा.

एवढ्याने मुक्या कनेक्शनचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी लायब्ररीच्या दोनच्या पुढच्या आवृत्तीत सर्व्हर.अ‍ॅक्सेप्ट आहे, ते वापरा. ते कनेक्शन जोडलं की लगेच क्लायंट हातात देतं, डेटा आलेला असो वा नसो, आणि पुढची जबाबदारी तुमची. चार क्लायंटची एक छोटी अ‍ॅरे ठेवायची, प्रत्येकापुढे शेवटचं अक्षर कधी आलं ती वेळ, आणि पाच-दहा सेकंद गप्प बसलेल्याला काढून टाकायचं. लायब्ररीच्या उदाहरणांतलं अ‍ॅडव्हान्स्ड चॅट सर्व्हरचं स्केच याच पद्धतीने लिहिलंय, ते आधी वाचा, पण त्यात वेळेची मर्यादा नाही, ती तुम्ही घालायची. चिपमध्ये कीप-अलाइव्हचं, म्हणजे समोरचा अजून आहे का ते अधूनमधून विचारायचं, रजिस्टरही आहे, पाच पाच सेकंदांच्या पटीत, पण त्या कनेक्शनवर निदान एकदा काहीतरी पाठवलेलं असल्याशिवाय ते सुरू होत नाही, म्हणजे नेमकं मुक्या कनेक्शनला ते उपयोगी नाही. म्हणून मी मिलिसवरच भरवसा ठेवा म्हणेन.

लाइट आली, बोर्ड आला नाही

आता दुसरी तक्रार, जी पहिलीसारखीच वाटते पण वेगळी आहे. इथे बोर्डाला बॅटरी नाही, लाइट गेली की सगळंच बंद होतं. लाइट आली की राउटर, स्विच आणि नॅनो एकाच क्षणी सुरू होतात, नॅनो दोन-तीन सेकंदांत तयार होऊन डीएचसीपीने आयपी मागायला लागतो आणि राउटरला उठायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. लायब्ररीची डीएचसीपीची वाट बघायची मर्यादा मुळात ६० सेकंद आहे. राउटर त्यानंतर उठला तर काय? डीएचसीपीच्या उदाहरणात अपयश आलं की एक मेसेज छापून अनंत लूपमध्ये बसायचं असं लिहिलेलं आहे, शिकण्यापुरतं ते ठीक, पण कायमच्या बसवलेल्या बोर्डात तो लूप राहिला तर माणूस जाऊन रिसेट दाबेपर्यंत बोर्ड मेलेलाच. या वेळी पिंगलाही उत्तर येत नाही, हा पहिल्या प्रॉब्लेमपासूनचा फरक.

कायमच्या बसवलेल्या बोर्डाला मी तरी स्थिर आयपीच देईन, राउटर ज्या पट्ट्यातले पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा. राउटरमध्ये मॅकवरून, म्हणजे बोर्डाच्या हार्डवेअर पत्त्यावरून, आयपी राखून ठेवला तरी मागायला डीएचसीपीच लागतं, म्हणजे वरचा प्रश्न तसाच राहतो. स्थिर आयपी देताना एक खड्डा आहे, इथरनेट सुरू करणाऱ्या बिगिन फंक्शनमध्ये क्रम मॅक, आयपी, डीएनएस, गेटवे, सबनेट असा आहे. डीएनएस आधी, गेटवे नंतर. पुष्कळ जण तिसऱ्या जागी गेटवे आणि चौथ्या जागी सबनेट लिहितात, घरातल्या घरात सगळं चालतं आणि बाहेरच्या सर्व्हरला डेटा पाठवायला गेलं की काहीच जात नाही, मग दोष त्या सर्व्हरला.

डीएचसीपीच हवं असेल तर अपयशानंतर अर्ध्या मिनिटाने परत प्रयत्न करा, आणि लूपमध्ये इथरनेट.मेन्टेन न विसरता बोलवा. ते नसेल तर लीजची, म्हणजे राउटरने ठरावीक काळासाठी दिलेल्या पत्त्याची, मुदत कधीच वाढवली जात नाही, राउटर तोच पत्ता कुणाच्या तरी मोबाइलला देऊन टाकतो आणि एका पत्त्यावर दोघे. बोर्ड दर वेळी साधारण तितक्याच तासांनी गंडत असेल तर राउटरमध्ये लीज किती तासांची आहे ते बघा, आकडा जुळला तर दुसरीकडे शोधू नका.

लाइट येताना आणखी एक होतं. व्होल्टेज सरळ ५ वर चढत नाही, हळूहळू, कधी खालीवर होत चढतं, आणि चिप अर्धवट अवस्थेत उठते. रिसेट पिन निदान ५०० मायक्रोसेकंद खाली धरली गेली पाहिजे असं डेटाशीट सांगतं, स्वस्त मॉड्यूलवर मात्र तिथे पिन वर ओढून ठेवणारा नुसता एक पुल-अप रेझिस्टर असतो. म्हणून मॉड्यूलची रिसेट पिन मोकळी सोडू नका, नॅनोच्या एखाद्या पिनला जोडा आणि सेटअपच्या पहिल्या ओळींत ती १० मिलिसेकंद खाली ओढून सोडा, मगच इथरनेट सुरू करा. मधेच, चालू असताना, एकट्या चिपला रिसेट करून परत बिगिन करायची युक्ती करू नका, सॉकेटवर ऐकणारे सर्व्हर पुसले जातात आणि लायब्ररीला ते कळत नाही. रिसेट करायचंच तर दोघांना एकत्र, म्हणजे कंट्रोलर वॉचडॉगने (कोड अडकला की रिसेट करणारा आतला टायमर) पडू दे आणि उठताना तोच चिपला रिसेट करू दे.

वॉचडॉग लावल्यावर सगळं आपोआप सुटतं असंही बरेच जण धरून चालतात. वॉचडॉग फक्त एव्हीआरला, म्हणजे नॅनो-उनोवरच्या कंट्रोलरला, आतून रिसेट करतो, बोर्डावरची रिसेटची तार तो खाली ओढत नाही, त्यामुळे चिप होती तशीच अडकलेली राहते. वर सांगितलेली तार म्हणूनच लागते. शिवाय एव्हीआरचा वॉचडॉग जास्तीत जास्त ८ सेकंदांचा आणि डीएचसीपी ६० सेकंद थांबवून ठेवणार, म्हणजे बिगिनच्या आधी वॉचडॉग चालू केलात तर बोर्ड आठ आठ सेकंदांनी स्वतःलाच पाडत राहील. बिगिन झाल्यावर चालू करा. आणि जुन्या बूटलोडरच्या (कोड चढवून घेणारा, बोर्डातला छोटा प्रोग्राम) नॅनोवर, म्हणजे आयडीईमध्ये 'ओल्ड बूटलोडर' निवडावं लागतं त्या, वॉचडॉग मुळीच लावू नका, वॉचडॉगने रिसेट झाल्यावर तो बूटलोडर वॉचडॉग बंद करत नाही आणि बोर्ड रिसेटच्या फेऱ्यातच फिरतो, वीज तोडल्याशिवाय सुटत नाही. त्यावर ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर चढवून घ्या, मग चालतं.

३.३ व्होल्ट कुठून घेतलेत?

अपटाइम सारखा शून्यावर येतोय, किंवा हार्डवेअर सापडत नाही असा मेसेज कधी येतो कधी येत नाही, तर मल्टिमीटर काढा. १०० एमबीपीएसवर जोडलेली डब्ल्यू५५०० १३० मिलीअँपच्या आसपास करंट घेते, ईएनसी२८जे६० तर पाठवताना १८० पर्यंत जाते. उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून ५० मिलीअँप घ्यावेत असं आर्डुइनोवालेच सांगतात. नॅनोची गोष्ट त्याहून नाजूक, तिथे ३.३ व्होल्टसाठी वेगळा रेग्युलेटरच नसतो, ते यूएसबीच्या चिपमधून आलेलं असतं, सेन्सरला पुरेल इतपत. तरी इंटरनेटवरच्या निम्म्या जोडणीच्या चित्रांत मॉड्यूलचा ३.३ सरळ नॅनोच्या ३.३ ला गेलेला दिसतो. आणि वाईट हे की ते चालतं. केबल न लावता चालतं, केबल लावल्यावरही बऱ्याचदा चालतं, उन्हाळ्यात किंवा लाइट कमी असताना मात्र नाही.

मॉड्यूलवर ५ व्होल्टची पिन आणि स्वतःचा रेग्युलेटर असेल तर ५ वरूनच द्या. तो बहुतेक एएमएस१११७ असतो, त्याला आउटपुटच्या वर सव्वा व्होल्टपर्यंत जागा लागते, म्हणजे मोबाइलच्या बारीक यूएसबी केबलमधून येता येता ५ चे साडेचार झाले असतील तर ३.३ टिकणार नाहीत. मोजताना चार्जरच्या टोकाला मोजू नका, मॉड्यूलच्या पिनवर मोजा, केबल जोडलेली आणि पेज रिफ्रेश होत असताना. मॉड्यूलवर रेग्युलेटर नसेल तर बाहेर एक लावा आणि मॉड्यूलच्या पायाशी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सोबत ०.१ चा.

उनोच्या गोल जॅकला १२ व्होल्ट देणाऱ्यांसाठी एक हिशोब. बोर्ड आणि मॉड्यूल मिळून १८० मिलीअँप धरले तर उनोवरच्या छोट्या रेग्युलेटरवर ७ व्होल्ट उतरतात, म्हणजे सव्वा वॅटच्या वर नुसती उष्णता. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत तो रेग्युलेटर तापून स्वतःला बंद करतो, थंड झाला की परत सुरू. दुपारी बंद आणि संध्याकाळी आपोआप चालू असं लक्षण असेल तर हेच. एलएम२५९६ चा बक कन्व्हर्टर घ्या, ५ व्होल्टवर सेट करा आणि ५ च्या पिनला द्या.

५ आणि ३.३ व्होल्टच्या लेव्हलचा प्रश्न मात्र लोक उगाच मोठा करतात. डब्ल्यू५५०० च्या इनपुट पिना ५ व्होल्ट सहन करतात, आणि तिकडून येणारे ३.३ व्होल्ट उनोला हाय म्हणून पुरतात, ५ वर चालताना त्याची हद्द ३ व्होल्ट आहे. लेव्हल शिफ्टर नको, उलट स्वस्त शिफ्टर एसपीआयच्या वेगाला अडखळतात. ईएसपी३२ किंवा पिको या जास्त वेगवान बोर्डांवर लायब्ररी एसपीआय १४ मेगाहर्ट्झपर्यंत चालवते, उनोवर ८, म्हणून उनोवर चाललेल्या लांब जंपर वायरी ईएसपी३२ वर चालत नाहीत. चिप ओळखायला लायब्ररी तिचं व्हर्जन रजिस्टर वाचते, तिथे ४ यायला हवेत. ० किंवा २५५ येत असेल तर वायर, पॉवर किंवा चिप सिलेक्ट, आणि कधी ४ कधी भलतंच येत असेल तर जवळजवळ नक्की लांब वायर किंवा ढिली ग्राउंड. एसडी कार्ड असलेल्या शिल्डवर ४ नंबरची पिन आउटपुट करून हाय ठेवा, कार्ड वापरत नसलात तरी.

दोन बोर्ड लावले की एकच चालतो

याला फार लिहायची गरज नाही. उदाहरणातला मॅक पत्ता, तो डीई-एडी-बीई-ईएफ-एफई-ईडी, सगळ्यांनी तसाच उचललेला असतो. एकाच नेटवर्कवर दोन बोर्डांत तोच मॅक असेल तर स्विचला कळत नाही कुठल्या पोर्टवर पाठवायचं, आणि डीएचसीपी दोघांना एकच आयपी देतो. शेवटचा आकडा बदला, प्रत्येक बोर्डाला वेगळा, आणि पेटीवर स्टिकर लावून लिहून ठेवा. पहिला बाइट डीईच राहू द्या, तो खाजगी वापरासाठीच्या पत्त्यांत बसतो.

केबल आणि जॅक

लिंकचा दिवाच लागत नाही किंवा एका स्विचवर लागतो आणि दुसऱ्यावर नाही, तर कोडकडे बघायचंच नाही. जुन्या डब्ल्यू५१०० च्या नकली शिल्डचा एक प्रसिद्ध दोष आहे: जॅकजवळच्या छोट्या रेझिस्टर नेटवर्कवर ५१० च्या जागी ५११ छापलेलं असतं. ५१० म्हणजे ५१ ओहम, ५११ म्हणजे ५१० ओहम, दहापट. काही राउटरवर ते चालतं, काहींवर नाही. भिंग घेऊन बघा, ५११ असेल तर जॅकच्या मागे १ आणि २ च्या मध्ये एक आणि ३ आणि ६ च्या मध्ये एक असे १०० ओहमचे दोन रेझिस्टर सोल्डर केले की शिल्ड सुधारते.

केबल क्रिंप करताना दोन्ही टोकांना सारखा क्रम दिला म्हणजे झालं असं नसतं. सिग्नल १-२ आणि ३-६ या जोड्यांतून जातो आणि प्रत्येक जोडी एकमेकींत पिळलेल्या तारांचीच हवी. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, याच क्रमाने. चारही जोड्या ओळीने शेजारी शेजारी लावल्या तर ३ आणि ६ वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा होतात, बाजारातल्या दिवेवाल्या टेस्टरवर आठही दिवे बरोबर क्रमाने लागतात, दोन मीटरवर चालतं आणि चाळीस मीटरवर पॅकेट गळतात. टेस्टरने पास केलं म्हणून ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबलही टाळा, ती वाकवली की तुटते आणि लांबवर रोध जास्त. डब्ल्यू५५०० आणि ईएनसी२८जे६० दोघींनाही क्रॉस केबल आपोआप ओळखता येत नाही, म्हणून सरळ लॅपटॉपला न जोडता मध्ये एक साधा स्विच ठेवूनच टेस्ट करा.

ईएनसी२८जे६० फक्त १० एमबीपीएस आणि तिला ऑटो-निगोशिएशन, म्हणजे वेग आणि पद्धत समोरच्याशी आपोआप ठरवणं, येत नाही, समोरचा स्विच तिला हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने बोलणारी; फुल म्हणजे दोन्ही दिशांनी) समजतो. मॅनेज्ड स्विचवर कुणी पोर्ट फुल डुप्लेक्सला बांधून ठेवला असेल तर लिंक दिसते, छोटी पॅकेट जातात आणि मोठं पेज अर्ध्यात अडकतं. शिवाय ती चिप पाठवता पाठवता अडकते, हे ती बनवणाऱ्या मायक्रोचिपनेच एरॅटात, म्हणजे चिपच्या दोषांच्या यादीत, लिहिलंय, प्रत्येक वेळी ट्रान्समिटचा भाग रिसेट करूनच पाठवायचं. चांगल्या लायब्ररी ते करतात, जुन्या करत नाहीत. नवीन प्रोजेक्टला मी ती चिप घ्या म्हणणार नाही, किमतीत जो फरक पडतो त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

ईएसपी३२ वर लॅन८७२० ही इथरनेटची चिप असलेला डब्ल्यूटी३२-ईटीएच०१ बोर्ड घेणार असाल तर सॉकेटचं वरचं गणित तिथे लागू नाही, तिथे स्टॅक सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण तिथे ५० मेगाहर्ट्झचं क्लॉक जीपीआयओ० वर येतं आणि तीच पिन बूट मोड ठरवते, म्हणून ऑसिलेटर चालू-बंद करायला जीपीआयओ१६ दिलेली असते आणि ती कोडमध्ये बरोबर सांगावी लागते. आर्डुइनोच्या ईएसपी३२ कोअरमध्ये दोनवरून तीनवर जाताना ईटीएच.बिगिनमधल्या आकड्यांचा क्रम बदललाय, त्यामुळे जुनं स्केच नव्या कोअरवर एकतर कंपाइलच होत नाही किंवा होऊनही लिंक लागत नाही. आधी पीएचवायचा (म्हणजे त्या लॅन८७२० चा) प्रकार, मग पत्ता १, मग एमडीसी २३, एमडीआयओ १८, मग १६, आणि शेवटी क्लॉकचा मोड. आणि त्या बोर्डाला ५ किंवा ३.३ यातलं एकच द्यायचं, दोन्ही नाही.

मोटार चालू झाली की जातं

हे लक्षण असेल तर ते इतकं स्पष्ट असतं की बाकी काही शोधावं लागत नाही. स्टार्टरचा काँटॅक्टर सुटताना कॉइलमधून जो झटका येतो तो पॉवरच्या तारेतून आणि शेजारून गेलेल्या केबलमधून आत शिरतो. नेटवर्कची केबल मोटारीच्या केबलसोबत एकाच पाइपातून नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. कॉइलवर स्नबर (तो झटका शोषून घेणारा भाग) बसवायचा तर तो वायरमनकडूनच, थ्री फेजच्या स्टार्टरमध्ये हात घालायचं काम आपलं नाही. चिपला १० एमबीपीएस हाफ डुप्लेक्सला बांधलं तरी पुष्कळ फरक पडतो, करंटही कमी लागतो, आणि टाकीची पातळी सांगायला त्याहून जास्त वेग लागतच नाही. हाफच निवडा, फुल नाही, कारण ऑटो बंद असलेल्याला समोरचा स्विच हाफच धरतो.

घर आणि विहीर यांच्यामध्ये उघड्यावरून केबल गेली असेल तर पहिल्या वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की मॉड्यूल, स्विचचा पोर्ट आणि कधी कधी राउटरही जातो. जॅकमधला ट्रान्सफॉर्मर १५०० व्होल्टपर्यंतचं आयसोलेशन देतो, जवळ पडलेल्या विजेपुढे ते काहीच नाही, आणि दोन टोकांची अर्थिंगही वेगवेगळी. तिथे तांब्याची तार ओढूच नका, फायबर टाका आणि दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर लावा. १०० मीटरची मर्यादाही त्याने जाते. फायबरमधून वीज पलीकडे नेता येत नाही, म्हणून विहिरीकडच्या कन्व्हर्टरला आणि बोर्डाला तिथलीच बॅटरी द्या, आणि तिकडे लाइट गेल्यावरही बोर्ड चालू राहणार असेल तर वरचा सॉकेटचा टाइमआउट आधी घालून मगच पेटी बंद करा.